बंबाचं घर

अध्यक्ष पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी बाथरूममध्ये नळाचा वॉशर बदलत होते. सासूबाईंनी दार उघडलं, त्यांना आत बसवलं आणि माझी ओळख करून दिली, "सून सिव्हिल इंजिनिअर आहे. नळ मात्र गेल्या महिन्यापासून गळतोय. बसा, चहा टाकते."

हे अध्यक्ष म्हणजे फार मोठी असामी नव्हे. आमची कॉलनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाला आहे. तिच्या पाठीमागे लहान लहान कारखान्यांचे गाळे आहेत, त्यांतल्या काही मालकांनी मिळून काढलेल्या संघटनेचे ते अध्यक्ष. स्वतःचं पावडर कोटिंगचं वर्कशॉप. गृहस्थ गोल, कायम घामेजलेले आणि कुठल्याही विषयावर सारखेच उत्साही. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या समोरच्या गाळ्याला आग लागली होती. शहरातला बंब रहदारीतून वाट काढत येईपर्यंत तिथे वाकडेतिकडे पत्रे तेवढे उरले होते. तेव्हा अध्यक्षांनी मनावर घेतलं की आपल्या भागाला आपलं स्वतःचं फायर स्टेशन पाहिजे. गाळेवाले आणि कॉलनीवाले मिळून बांधतील, मिळून चालवतील. परवानग्या झाल्या होत्या, नकाशा झाला होता, ठेकेदार ठरला होता. आता त्या ठेकेदारावर डोळा ठेवायला कुणीतरी हवं होतं.

"मॅडम, साइट तुमच्या गॅलरीतून दिसते," अध्यक्ष म्हणाले. "भाजी चिरता चिरता देखरेख होईल."

माझ्या हातात पाना होता. तो मी सावकाश खाली ठेवला. आयुष्याची बरीच वर्षं मी बिल्डरांच्या साइटवर उन्हात उभी राहून काढली होती. शेवटच्या बिल्डरने गाशा गुंडाळल्यापासून घरीच होते, आणि भाजी चिरण्यात माझं मन रमत नव्हतं. मी हो म्हणाले.

"फायर स्टेशन म्हणजे बंब ठेवायची जागा ना?" सासूबाईंनी ओट्यापासून विचारलं. "आमच्याकडे होता बंब. तांब्याचा. पाणी तापवायचा."

"हा पाणी फेकायचा, आजी."

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि अध्यक्षांच्या टकलाकडे निरखून पाहत म्हणाल्या, "आजी? तुमचं वय काय हो?"

स्टेशनसाठी नेमलेल्या कमिटीतले दुसरे वजनदार गृहस्थ म्हणजे एक निवृत्त फायर ऑफिसर. सगळे त्यांना साहेब म्हणत. उंच, ताठ, पांढऱ्या मिश्यांना पीळ. प्रत्येक वाक्याची सुरुवात "ऐका" आणि शेवट "कळलं?" त्यांना आगीतलं पुष्कळ कळत होतं, आणि ज्यातलं कळत नव्हतं, म्हणजे काँक्रीट, राजकारण आणि बायका, त्यातही ते तितक्याच जोराने बोलत.

पहिली मीटिंग प्लॉटवरच झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. अध्यक्षांनी एका वास्तुवाल्यांना बोलावलं होतं. त्यांनी होकायंत्र काढलं, नकाशा पाहिला आणि मान हलवली. "अग्नीची जागा आग्नेयेला. तुम्ही फायर स्टेशन वायव्येला काढलंय."

"वायव्येला रस्ता आहे," मी म्हणाले.

"शास्त्राला रस्ता कळत नाही."

"ऐका," साहेब खुर्चीतून उठले. "फायर स्टेशनात आम्ही अग्नी ठेवत नाही. आम्ही तो विझवतो. कळलं?"

वास्तुवाल्यांनी होकायंत्र पुन्हा फिरवून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "म्हणजे हे जलतत्त्व! मग ईशान्येला न्या."

ईशान्येला विजेचा डीपी होता. पुढचा सगळा वेळ फायर स्टेशन हे आगीचं की पाण्याचं, यावर चर्चा झाली. कमिटीतले दोघे आगीच्या बाजूने होते, दोघे पाण्याच्या, आणि अध्यक्ष दोन्ही बाजूंनी. शेवटी मी एक तोडगा काढला. पाण्याची टाकी ईशान्येकडे सरकवू, चहाची शेगडी आग्नेयेला ठेवू, आणि इमारत जिथे गाडी बाहेर पडू शकते तिथेच राहू दे. वास्तुवाल्यांनी शेगडीला खास मान्यता दिली. त्या दिवसापासून मला कमिटीत हुशार समजू लागले.

त्याच मीटिंगमध्ये अध्यक्षांनी आपल्या मनातली गोष्ट सांगून टाकली. त्यांना खांब पाहिजे होता. वरच्या मजल्यावरून जवान सर्रकन घसरत खाली येतात, तसा.

"जिना आहे," साहेब म्हणाले.

"जिना सगळ्यांकडेच असतो हो."

"मी सगळी नोकरी जिन्याने केली. खांबावरून माणूस घसरतो तो घोटा मोडून घेतो."

अध्यक्षांचा चेहरा इतका पडला की मला राहवलं नाही. खांबाला लागते तेवढी जागा मी स्लॅबच्या नकाशात सोडली. साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि ते दोन दिवस साइटवर कामं भराभर झाली.

ठेकेदार घोटीचा. माणूस बरा, पण फोनवर कायम "पोचतोच आहे" म्हणायचा आणि आवाजावरून घरी झोपलेला वाटायचा. खरं काम त्याचा मुकादम बघायचा. हा पेठच्या पलीकडच्या डोंगरातला, आणि त्याच्याबरोबर त्याच्याच पाड्यावरची माणसं, बायका. फुटिंग झाली, कॉलम उभे राहिले, पहिल्या स्लॅबचं सेंटरिंग लागलं. तोवर जून सरत आला होता. एके सकाळी मुकादम माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, आम्ही उद्या गावाला जाऊ. आवणी हाय."

भाताची रोपं लावायची वेळ झाली होती. हे दरवर्षी होतं, हे मला माहीत होतं, आणि दरवर्षीप्रमाणे मी त्या वर्षीही ते विसरले होते.

"स्लॅब तोंडावर आलाय. मग कधी येणार?"

"आवणी झाली की."

"आणि स्लॅब?"

"स्लॅब कुठं पळतोय? भात मात्र थांबायचा नाय."

दुसऱ्या दिवशी साइटवर मी, वॉचमन आणि सळया असे तिघेच उरलो. अध्यक्ष रोज येऊन कॉलमकडे बघून उसासे टाकायचे. सातपूरहून दुसरे मजूर आणू म्हणाले. दोन आले, एक दिवस थांबले, आणि वॉचमनची छत्री घेऊन गेले.

माणसं परतली तेव्हा पायांना चिखलाच्या भेगा आणि चेहऱ्यावर काम उरकल्याची स्वस्थता होती. मुकादमाने माझ्यासाठी पिशवीभर रानभाजी आणली होती. ती सासूबाईंनी केली आणि जेवताना म्हणाल्या, "ही माणसं तुझ्या साइटपेक्षा शेतात चांगली रमत असतील." मला तो टोमणा वाटला. होताच.

मग काम असं धावलं की गणपतीच्या सुमाराला दोन्ही स्लॅब भरून झाले आणि मागच्या बाजूचा टॉवर वर निघाला. तिथेच घोळ झाला.

फायर स्टेशनात एक उंच अरुंद टॉवर असतो. आग विझवून आलेले ओले पाईप त्यात वरून खाली टांगून वाळवतात. नकाशात तो होता, आणि नकाशा कॉलनीत कुणी पाहिला नव्हता. चार कॉलम बाकीच्या इमारतीच्या वर गेले तसा कॉलनीत एक मेसेज फिरू लागला. फायर स्टेशनच्या नावाखाली मोबाइल टॉवर उभारतायत, त्याच्या लहरींनी झाडं वाळतात, माणसांना झोप लागत नाही, आणि आणखी बरंच काही. तो मेसेज पुढे पाठवण्यात आघाडीवर होत्या आमच्या सासूबाई. सकाळी उठल्यापासून मोबाइल त्यांच्या हातात असतो. मोबाइलच्या लहरींविरुद्धचा लढा त्यांनी मोबाइलवरूनच उभा केला.

मला हे कळलं ते जेवताना.

"आई, तो पाईप वाळवायला आहे."

"एवढा उंच? पाईप वाळवायला?"

"पाईप लांब असतो, आई. पूर्ण लांबीने सरळ टांगावा लागतो."

"मी जन्मभर नऊवारी गॅलरीत वाळवली. नऊवारी काय आखूड असते?"

मी मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. तो आमटीत काहीतरी शोधत होता. त्याला ते जेवण संपेपर्यंत सापडलं नाही.

"अहो, मी तिथे रोज उभी असते," मी म्हणाले. "मोबाइल टॉवर असता तर मला कळलं नसतं का?"

"तुला कळलं असतं, पण तू सांगितलं असतंस का? तू त्यांची माणूस." हे म्हणता म्हणता त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. "मी कॉलनीची आहे. उद्या आम्ही येतोय."

आणि त्या आल्या. भजनी मंडळ सगळंच्या सगळं, शिवाय खालच्या मजल्यांवरच्या तरुण बायका. हातात पुठ्ठ्याचे फलक. 'टॉवर हटवा, कॉलनी वाचवा' हे अक्षर माझ्याच मुलीचं होतं. मुलगी म्हणाली, आजीने सांगितलं म्हणून लिहिलं. सासूबाई सगळ्यांत पुढे, पायात माझे स्पोर्ट्स शूज. मला पाहून त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. काम थांबलं. अध्यक्षांनी गर्दी पाहिली आणि ते पत्र्याच्या ऑफिसात शिरून आतून कडी लावून बसले.

साहेब मात्र छाती काढून पुढे गेले. "ऐका! हा होज ड्रायिंग टॉवर आहे. ओला होज आडवा ठेवला तर आत पाणी साचतं, कॅनव्हास कुजतो, आणि ऐन आगीत फुटतो. कळलं?"

"नाही कळलं," भजनी मंडळातून आवाज आला.

साहेबांना असं उत्तर सगळ्या नोकरीत कुणी दिलं नसावं. ते लाल झाले. मग म्हणाले, "थांबा, दाखवतोच." त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक जुना होज, म्हणजे तो कॅनव्हासचा पाईप, होता, कुजका, कमिटीला दाखवायला म्हणून आणलेला. साइटवर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याला पंप होता. साहेबांनी होज पंपाला जोडला, जमिनीवर पसरला, बायकांना दोन पावलं मागे घेतलं आणि टँकरवाल्याला खूण केली.

कुजका होज फुटतो हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कुठे फुटेल आणि कुठल्या दिशेने, याचा अंदाज मात्र चुकला. होज मधोमध फुटला, सापासारखा उसळला आणि त्याने भजनी मंडळाची पुढची रांग डावीकडून उजवीकडे धुऊन काढली. फलक गळून पडले. साहेब स्वतः खाली बसले. टँकरवाला घाबरून पंप बंद करायचं सोडून पळाला. तो मी जाऊन बंद केला.

मी सासूबाईंकडे बघायला घाबरत होते. त्यांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी चष्मा काढला, ओल्याच पदराने पुसला, घातला आणि साहेबांना म्हणाल्या, "कळलं."

मग बायका ज्या हसल्या! एकीला बघून दुसरी, दुसरीला बघून तिसरी. मुकादमाच्या टोळीतल्या बायका पाटीखाली तोंड लपवून हसत होत्या. अध्यक्षांनी कडी काढून डोकं बाहेर काढलं आणि मोर्चा मिटला का म्हणून विचारलं.

मोर्चा मिटला, पण सासूबाईंनी अट घातली. वर जाऊन स्वतः बघणार. जिना तयार झाला होता, कठडा नव्हता. मी नको म्हणाले. साहेब, बहुधा अपराधीपणाने, हो म्हणाले. मग मी सासूबाईंच्या डोक्यावर माझं हेल्मेट बसवलं, मागे मुकादमाला ठेवलं, आणि साहेबांनी त्यांना हाताला धरून वर नेलं. मीही मागोमाग चढले. वरच्या स्लॅबवर पोचल्यावर त्यांनी चारी कॉलम हाताने चाचपले, वर अँटेना नाही याची खात्री केली, आणि मग वळून कॉलनीकडे पाहिलं.

"अगं, इथून सगळ्यांच्या गॅलऱ्या दिसतात," त्या खूश होऊन म्हणाल्या. पाचएक मिनिटं त्यांनी कुणाची गॅलरी किती अस्वच्छ आहे ते साहेबांना समजावून सांगितलं. मग नजर खाली गल्लीत गेली. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. मधून एक रिक्षा अंग चोरून जात होती. वळणावर अध्यक्षांचा टेम्पो, जो तिथे कायमच असायचा.

"यातून बंब जाणार कुठून?" सासूबाईंनी विचारलं.

"हेच मी कमिटीला पहिल्या दिवसापासून सांगतोय," साहेब म्हणाले. त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. ते सासूबाईंकडे जरा वेगळ्याच आदराने पाहू लागले.

खाली आल्यावर अध्यक्ष म्हणाले, टेम्पो काढतो, आज-उद्या.

दिवाळी होऊन गेली तरी टेम्पो तिथेच होता. स्टेशन मात्र जवळजवळ तयार झालं. लाल शटर बसलं, आतून रंग चालू होता. आमचा बंब अजून आला नव्हता. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेऊन झाली होती, पण बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये ती नुसती चाकं आणि इंजिन अशी उभी होती. मी त्या आठवड्यात जमिनीखालच्या टाकीच्या मागे लागले होते. तिचं वॉटरप्रूफिंग ठेकेदाराने घाईत उरकलंय असा माझा संशय होता. म्हणून टाकी काठोकाठ भरून घेतली होती, पाण्याच्या पातळीवर आतून खडूने रेघ मारली होती, आणि पाणी उतरतंय का ते अधूनमधून झाकण उघडून बघत होते.

दुपारची वेळ होती. मी झाकणाशी वाकले होते तेव्हा रंगारी ओरडला. मागच्या गाळ्यांवर काळा धूर चढत होता. बघता बघता त्याचा लोट झाला. फोमच्या गाद्या बनवणारा गाळा होता तो.

आणि मग जे झालं ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं. गाळ्यांमधली माणसं धावत आमच्याकडे आली. साहजिकच होतं. लाल शटर, वर ठळक अक्षरांत 'अग्निशमन केंद्र'. "बंब काढा! बंब काढा!" ओरडत त्यांनी स्वतःच शटर वर केलं. आत रंगाचे डबे होते आणि मुकादमाची सायकल.

"बंब नाहीये अजून," मी म्हणाले. एक माणूस, अंगावर फोमचा भुसा चिकटलेला, माझ्याकडे बघत राहिला. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. तो वळला आणि परत आगीकडे पळाला.

शहरात फोन आधीच गेला होता. साहेब घरून स्कूटरवर आले, बनियनवरच. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "आत कोणी?" सगळे बाहेर आलेत, एका बाईच्या छातीत धूर गेलाय, तिला रिक्षातून दवाखान्यात नेलंय. "शेजारी काय?" शेजारच्या गाळ्यात थिनरचे ड्रम होते. साहेबांनी चारपाच धडधाकट माणसं घेतली आणि ते ड्रम मागच्या दाराने बाहेर लोटायला सुरुवात केली. त्या वेळी ते "ऐका" म्हणाले नाहीत, "कळलं?" म्हणाले नाहीत. नुसते एकेक शब्द बोलत होते आणि माणसं ऐकत होती.

तेवढ्यात सायरन वाजला. शहरातला बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशी अडकला. दोन्ही बाजूंच्या गाड्या. ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला. मी धावत तिकडे गेले तर गल्लीच्या मधोमध आमच्या सासूबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, मान वर, आणि भजनाचा सगळा सराव त्यांनी गळ्यात आणला होता.

"निळी गाडी! दुसरा मजला! झोपा नंतर काढा, खाली या! पांढरी गाडी, तिसरा मजला, तुमचे ते घरी नाहीत, किल्ली टीव्हीच्या खाली असते, ती खाली टाका!"

गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. किल्ल्या वरून पडू लागल्या. कुणाची किल्ली कुठे असते, हे सासूबाईंना कसं माहीत, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही. पुढे बऱ्याच घरांत पडला. ज्याला गाडी चालवता येत होती त्याने जी किल्ली हाती लागली ती गाडी काढली. स्कूटर आम्ही उचलून दारांत घातल्या. मी दोन गाड्या मागे घेतल्या, एकीचा आरसा गेला. बंब इंचाइंचाने पुढे सरकत होता.

वळणावर टेम्पो. कुलूपबंद. अध्यक्ष कामासाठी शहरात गेलेले, फोन उचलेनात. मुकादम आणि त्याची माणसं धक्का द्यायला लागली, पण हँडब्रेक घट्ट ओढलेला. मी काच फोडायला काही शोधतेय तोच सासूबाईंनी कुणाच्या तरी कुंडीखालची वीट काढली आणि टेम्पोच्या काचेवर हाणली. पहिल्या फटक्यात फुटली नाही. दुसऱ्यात फुटली. मुकादमाने हात घालून ब्रेक सोडला, सगळ्यांनी एकदम रेटला आणि टेम्पो पहिल्या इमारतीच्या बागेत, शोभेच्या झाडांवर जाऊन बसला. बंब गेला.

बंबातलं पाणी अर्ध्यातच संपलं. फोम पेटला की असा जळतो की पाणी कमीच पडतं. दुसरा बंब वाटेत होता. साहेब काळ्या पडलेल्या तोंडाने धावत आले आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "टाकी?"

"भरलेली आहे," मी म्हणाले. आयुष्यात एखादं वाक्य बोलताना एवढं बरं वाटलं नसेल. मी झाकण सरकवलं, त्यांनी बंबाचा पाणी ओढणारा सक्शन पाईप आत सोडला, आणि माझी खडूची रेघ बघता बघता कोरडी पडली. टाकी गळते की नाही ते मात्र त्या दिवशी कळलं नाही.

गाद्यांचा गाळा गेला. शेजारचे वाचले. ती बाई आठवडाभरात बरी होऊन घरी आली. संध्याकाळी सगळं निवल्यावर साहेब आमच्या फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. थांबेचनात. सासूबाई घरून भरपूर साखर घातलेला चहा घेऊन आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि कप स्वतःच धरून त्यांच्या तोंडाशी नेला. साहेबांची एकीकडची मिशी अर्धी होरपळली होती. "ती आता दोन्ही बाजूंनी काढा," त्या म्हणाल्या. "एकीकडे ठेवून चांगली नाही दिसायची."

"भीती वाटली," साहेब म्हणाले. "पूर्वी वाटायची नाही."

"पूर्वी पगार होता," सासूबाई म्हणाल्या, आणि साहेब हसले.

अध्यक्ष आले तेव्हा अंधारत होतं. त्यांनी बागेतला टेम्पो पाहिला, काच पाहिली. "कुणी फोडली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा मारावं लागलं. मजबूत होती."

अध्यक्षांनी गाळ्यांच्या दिशेला, अजून धुमसणाऱ्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलंत." तो टेम्पो पुन्हा गल्लीत दिसला नाही.

स्टेशनचं उद्घाटन थंडीत झालं. आमचा बंब आला होता, गळ्यात झेंडूची माळ घालून शटरच्या आत उभा होता. पाहुणे उशिरा आले, भाषण लवकर संपवतो म्हणाले आणि संपवलं नाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. अध्यक्षांनी कुणाला न सांगता ठरवलं होतं की आपण वरून खांबावरून खाली येऊन पाहुण्यांना नारळ द्यायचा. पांढराशुभ्र झब्बा घालून ते वर गेले, नारळ काखेत धरला, आणि खांबाला मिठी मारून सुटले. खांबाला रंगाऱ्याने सकाळीच लाल ऑइलपेंटचा शेवटचा हात मारला होता. मधोमध ते थोडे चिकटले, मग परत सुटले. खाली पोचले तेव्हा हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत एक लाल पट्टा होता. नारळ आधीच पोचला होता. पाहुण्यांनी प्रसंगावधान राखून टाळ्या वाजवल्या. साहेब, मिशीशिवाय, माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "घोटा मोडला नाही, एवढं मान्य करतो."

सासूबाईंना कमिटीत घेतलं. त्यांनी गल्लीचं पार्किंग ताब्यात घेतलं आणि त्यात कुणाची गय केली नाही, माझ्या नवऱ्याच्या गाडीचीसुद्धा. साहेब भजनी मंडळाला सिलिंडरची आग कशी विझवायची ते शिकवतात. तिथे आता "कळलं?" म्हटल्यावर बायका एकसुरात "नाही!" म्हणतात, आणि ते पुन्हा सांगतात. आमच्या बंबाला पहिली हाक आली ती एका पाण्याच्या टाकीखालच्या मधमाश्यांच्या पोळ्यासाठी. जवान तयारीने गेले आणि सुजलेली तोंडं घेऊन परत आले. पुढच्या हाका बऱ्या होत्या, म्हणजे वाईट होत्या, पण बंब वेळेवर पोचला.

मी सध्या घोटीजवळ तांदळाच्या एका गोदामाच्या कामावर आहे. परवा तिथे सासूबाईंचा फोन आला.

"तुझ्या स्टेशनला भेग पडलीय. चहाच्या खोलीत. साहेबांनी तिच्यावर कॅलेंडर लावलंय."

"केसाएवढी असेल, आई. प्लास्टरची असते तशी. इमारतीला काही होत नाही."

"मला माहितीय काही होत नाही. पण दिसते ना. लोक म्हणतील, हिच्या सुनेने बांधलं."

रविवारी मी पुट्टी आणि ती ओढायचा पत्रा घेऊन गेले. कॅलेंडर काढलं. भेग खरोखरच केसाएवढी होती. साहेबांनी स्टूल धरलं, सासूबाईंनी खालून कुठे राहिलंय ते दाखवलं, आणि जवानांनी चहा केला.